दिल्लीच्या बाल्कनीत ऑर्किडचं बारसं

माझ्या हातात ही जी बाटली आहे, ती सॉसची रिकामी बाटली आहे. (पुस्तकातून वाचणाऱ्यांनी डोळ्यांसमोर आणावी: चपटं झाकण, तळाशी दोन बोटं काळी जेली आणि त्या जेलीवर तांदळाच्या कणीएवढे हिरवे ठिपके.) हे ठिपके म्हणजे ऑर्किडची रोपं आहेत. ही रोपं कुठल्या नर्सरीतून आलेली नाहीत. त्यांच्या आईबापांचं लग्न मी लावलं, मयूर विहार फेज वनमधल्या तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत, एका टूथपिकने. आजचा भाग त्या लग्नाचा, त्यात झालेल्या फजितीचा आणि शेवटी मुलांना नाव काय ठेवायचं या प्रश्नाचा. नावाचं प्रकरण मला सगळ्यात अवघड गेलं, म्हणून त्यावर जरा जास्त बोलेन.

सुरुवात अगदी साधी झाली. यमुनेच्या बाजूला रस्त्याकडेने ज्या नर्सऱ्या बसतात, तिथून मी एक जांभळं फॅलेनॉप्सिस आणलं. पतंगासारखी फुलं येतात ना, ते. हॉटेलांच्या काउंटरवर हमखास दिसणारं. घरी आणून टेबलावर ठेवलं. आई तेव्हा नुकतीच कुडाळहून माझ्याकडे राहायला आली होती. तिने पारदर्शक कुंडीतली हिरवट पांढरी मुळं पाहिली, माती कुठेच दिसेना, आणि म्हणाली, "ह्या बांडगूळ कित्याक हाडलंस गो घरात?"

आईचं निम्मं चूक होतं आणि निम्मं विलक्षण बरोबर. आधी चूक काय ते सांगते. बांडगूळ झाडाच्या फांदीत आपली मुळं खुपसतं आणि झाडाचा रस ओढतं. ऑर्किड तसं करत नाही. ते फांदीवर फक्त बसतं, साल धरून. पाणी पावसाचं, दवाचं; खत म्हणजे सालीच्या खाचांत साठलेला पालापाचोळा. त्याच्या मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं, ते पाणी झटकन टिपतं आणि मग हवेत वाळतं. मुळं ओली झाली की हिरवी दिसतात, वाळली की रुपेरी. घरी पाणी कधी घालायचं हे याच रंगावरून ठरवायचं, वारावरून नाही. सगळीच ऑर्किडं झाडावर राहतात असंही नाही, जमिनीत वाढणारी पुष्कळ आहेत, पण आपण घरी आणतो ती बहुतेक झाडावरची.

आता बरोबर काय ते. ऑर्किडांची एक मोठी प्रजाती आहे, वँडा. हे नाव आपल्याकडचं आहे. संस्कृतात वन्दा म्हणजे झाडावर वाढणारी परोपजीवी वनस्पती, म्हणजे बांडगूळच. कलकत्त्याला न्यायाधीश असलेल्या सर विल्यम जोन्स यांनी हा शब्द उचलला, त्यांचं टिपण त्यांच्या मृत्यूनंतर १७९५ साली छापून आलं, आणि पुढे १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी ते नाव शास्त्रात पक्कं केलं. म्हणजे जगभरचे शौकीन हजारो रुपये मोजून जी वँडा विकत घेतात, तिला ते आदराने "बांडगूळ" म्हणत असतात. हे आईला सांगितल्यावर तिने माझ्याकडे "मग मी काय म्हणत होते" अशा नजरेने पाहिलं.

तिला ऑर्किडं ठाऊक होतीच, फक्त ऑर्किड हा शब्द ठाऊक नव्हता. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेत या कुळाला आमर कुल म्हणतात, पण तोही शब्द तिच्या गावी नव्हता. तिच्या गावी होती सीतेची वेणी. मे सरता सरता आंब्याफणसाच्या फांद्यांवरून पांढऱ्या फुलांवर गुलाबी ठिपके असलेले दाट तुरे लोंबायला लागतात, ती. आसामात हेच फूल बिहूला मुली केसांत माळतात, तिथे त्याला कपौ फूल म्हणतात, आणि आसाम व अरुणाचल या दोन्ही राज्यांचं ते राज्यपुष्प आहे. कोकणात मात्र ते बांडगुळाच्या रांगेत बसलेलं. असो.

आता दिल्लीचं हवामान. मुंबई, गोवा, कोचीवाले हे ऐकताना हसतील, कारण त्यांच्याकडे ऑर्किड बाल्कनीत टांगलं की झालं. आमच्याकडे मे महिन्यात लू वाहते, तापमान ४५ अंशांना टेकतं, जानेवारीत पहाटे ४-५ अंशांवर येतं, आणि नोव्हेंबरात हवा इतकी मळते की पानांवर बोट फिरवलं तर बोट काळं होतं. मी पहिल्या उन्हाळ्यात चार झाडं मारली. तेव्हा एक गोष्ट कळली, की ऑर्किडला उकाड्यापेक्षा कोरडेपणाने जास्त मारलं. आणि कोरडेपणावर दिल्लीकडे स्वतःचं औषध आहे: कूलर. वाळ्याच्या ताट्यांचा पाण्याचा कूलर जी दमट गार हवा फेकतो, तिच्या वाटेवर, पण थेट झोतात नाही, अशी झाडं ठेवली की मे-जून निभावतो. एसीच्या खोलीत उलट होतं, हवा आणखी सुकते. मात्र एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून ठेवा. त्यात क्षार जवळजवळ नसतात. ऑर्किडला जड पाणी सोसत नाही, मुळांची टोकं काळी पडतात. आरओच्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कधीही घालू नका. बचतीच्या नादात मी ते वर्षभर घातलं होतं. सगळे क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असतात हे डोक्यातच आलं नाही.

पावसाळ्यात झाडं खुशीत असतात, फक्त फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पानांच्या बेचक्यात पाणी साचू द्यायचं नाही, नाहीतर गाभा कुजतो. ऑक्टोबर हा दिल्लीने ऑर्किडला दिलेला खरा आशीर्वाद. रात्री गार व्हायला लागतात, काही आठवडे रात्रीचं तापमान विशीच्या खाली राहिलं की फॅलेनॉप्सिस फुलाचा दांडा काढतं. मुंबईकरांना यासाठी धडपडावं लागतं, आपल्याकडे ते फुकट होतं. मग थंडी वाढली की, साधारण १२ अंशांच्या खाली, झाडं घरात घ्यायची. घरात घेतल्यावर कळ्या पिवळ्या पडून गळाल्या तर झाडाला दोष देऊ नका. गाड्यांचा धूर, उदबत्ती आणि टेबलावरची पिकलेली केळी या तिन्हींतून इथिलीन वायू निघतो आणि ऑर्किडच्या कळ्यांना तो अजिबात चालत नाही. माझं झाड देवघराशेजारी होतं. तिथून हलवलं, कळ्या राहिल्या.

आता लग्नाकडे येऊ.

ऑर्किडच्या फुलात बहुतेक फुलांसारखे सुटे पुंकेसर आणि वेगळी किंजल नसते. दोन्ही मिळून मधोमध एक छोटा दांडा झालेला असतो, त्याला स्तंभ म्हणतात. फॅलेनॉप्सिसमध्ये तो पाखराच्या डोक्यासारखा दिसतो. त्याच्या टोकाला पांढरी टोपी असते. टूथपिकने ती टोपी हळूच वर उचलली की पिवळे दोन मणी बाहेर येतात. हे परागपुंज. पराग इथे धुळीसारखे सुटे नसतात, सगळे एका गोळीत बांधलेले असतात आणि गोळीच्या देठाला खाली चिकट गोंद असतो. किडा फुलात शिरतो, बाहेर पडताना गोळी त्याच्या अंगाला चिकटते. चार्ल्स डार्विन या गोष्टीने वेडा झाला होता. त्याने फुलात पेन्सिलीचं टोक घालून परागपुंज बाहेर काढले, आणि अर्ध्या मिनिटात ते पुढे वाकतात हे पाहिलं, म्हणजे पुढच्या फुलात बरोबर जागेवर लागावेत म्हणून. १८६२ मध्ये त्याने ऑर्किडांच्या परागीभवनावर आख्खं पुस्तक लिहिलं.

आपण किड्याचं काम करायचं. ज्या झाडाला शेंग धरायची, ती आई. फूल उमलून आठवडाभर झालेलं असावं, झाड दणकट असावं, कारण शेंग पोसताना ते दमतं. आधी आईच्या फुलाचे स्वतःचे परागपुंज काढून टाकायचे. मग बापाच्या फुलातले परागपुंज टूथपिकला चिकटवून आणायचे आणि आईच्या स्तंभाच्या खालच्या बाजूला जी चिकट खोबण असते, तिच्यात दाबायचे. ती खोबण म्हणजे कुक्षी. काम एवढंच, दोन मिनिटांचं. एक-दोन दिवसांत फूल मान टाकतं, पाकळ्या सुकतात, आणि मागचा देठ हिरवा, जाड होऊ लागतो.

हे करताना मला नेहमी एडमंड आल्बियसची आठवण येते. रेयुनियन बेटावरचा गुलाम मुलगा, वय १२. व्हॅनिला हेही ऑर्किडच, पण मेक्सिकोबाहेर त्याला शेंगा धरत नव्हत्या. १८४१ मध्ये या मुलाने बारीक काडीने मधला पडदा उचलून अंगठ्याने पराग दाबायची युक्ती काढली. आजही जगातली बहुतेक व्हॅनिला त्याच पद्धतीने, एकेक फूल हाताने, पिकवली जाते. त्याला स्वातंत्र्य मिळालं ते १८४८ मध्ये तिथली गुलामी संपली तेव्हा, पण त्या युक्तीचा पैसा त्याला मिळाला नाही. तो गरिबीतच गेला. व्हॅनिला आइस्क्रीम खाताना हे एकदा आठवावं.

माझी पहिली शेंग सात आठवड्यांनी पिवळी पडून गळली. मी खचले. मग वाचल्यावर कळलं की ऑर्किडमध्ये परागीभवन झालं म्हणजे फलन झालं असं नसतं. पराग पडल्यावर मगच झाड बीजांडं तयार करायला घेतं; फॅलेनॉप्सिसमध्ये फलन व्हायला साधारण दोन महिने जातात. तोवर जी शेंग फुगते ती फक्त आशा. माझ्या बाबतीत जोडी जमली नाही, एवढंच. दुसरी शेंग पाच महिने टिकली, मी ती समारंभाने उघडली, आत नुसता भुसा. बाजारातली पुष्कळ मोठ्या फुलांची ऑर्किडं तीन गुणसूत्रसंचांची असतात. फुलं देखणी, पण बी धरत नाही. बिनबियांच्या केळ्यासारखंच. त्यावर इलाज नाही, दुसरं झाड घ्यायचं.

तिसरी शेंग भरली. त्यातलं बी पाहिलं तर मैदा वाटेल. एका शेंगेत हजारोंनी, कधी लाखांनी बी असतं, कारण प्रत्येक बी म्हणजे गर्भाचा एक कण आणि पातळ आवरण, बस्स. मुगाच्या दाण्यात अंकुरासाठी शिदोरी असते, ऑर्किडच्या बियाला आईबापांनी शिदोरीच दिलेली नाही. रानात ते एका विशिष्ट बुरशीच्या भरवशावर रुजतं. बुरशी त्याला साखर पुरवते. हे नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने १८९९ मध्ये ओळखलं. मग १९२२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नुडसन यांनी दाखवलं की बुरशी नको, साखरच सरळ द्या, बाटलीत, निर्जंतुक करून. त्या शोधानंतर ऑर्किड राजेरजवाड्यांच्या काचघरांतून बाहेर पडलं आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊ शकलं.

कारण निर्जंतुक करायला जे यंत्र लागतं, ते प्रत्येक मराठी घरात आहे. प्रयोगशाळेत ऑटोक्लेव्ह म्हणतात, आपण प्रेशर कुकर म्हणतो. दोन्हींतला दाब जवळपास तेवढाच, १२१ अंशांच्या आसपास नेणारा. एक लिटर पाणी, २० ग्रॅम साखर, ७-८ ग्रॅम अगर, एक ग्रॅम २०-२०-२० खत, १०० मिली शहाळ्याचं पाणी आणि चिमूटभर सक्रिय कोळशाची पूड. जेली काळी दिसते ती या कोळशामुळे. आंबटपणा साडेपाचच्या जरा वर, पट्टीने तपासायचा. बाटल्यांत ओतायचं, झाकणं सैल ठेवायची, मंद आचेवर २० मिनिटं. शिट्ट्या मोजायच्या नाहीत, घड्याळ बघायचं.

पुढचं काम पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात, हात घालायला दोन भोकं पाडून. शेंग फुटायच्या आधी, हिरवी असतानाच काढायची, फॅलेनॉप्सिसची साधारण चार-पाच महिन्यांनी. साबणाने घासायची, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यात १५-२० मिनिटं बुडवायची, मग डब्यात उकळलेल्या सुरीने चिरायची आणि बी बाटलीत शिंपडायचं. आतून शेंग निर्जंतुकच असते. एक कळकळीची सूचना: डबा स्पिरिटने पुसला असेल तर जवळपास मेणबत्ती, लायटर काहीही नको. मी एकदा पेटवायला निघाले होते, मुलीने हात धरला.

पहिल्या बारा बाटल्यांपैकी अकरांत बुरशी आली. निळी, गुलाबी, एकीत तर केशरी. आईने प्रत्येकीचं दर्शन घेतलं आणि लोणचं कसं घालतात हे मला नव्याने शिकवलं: हात कोरडे, बरणी कोरडी, बोलायचं नाही. हसू नका, बोलायचं नाही हा सल्ला फार मोलाचा निघाला, तोंडातून उडणारे जंतू हे खरंच कारण असतं. पुढच्या खेपेस बारापैकी आठ बाटल्या टिकल्या.

उरलेल्या एका बाटलीतली ती पहिली पिल्लं सहा आठवड्यांत हिरवी झाली. मी इतकी हरखले की थेट नावावर आले. आईचं नाव द्यायचं, हे ठरलेलंच होतं. आणि इथे मला नियम कळले.

ऑर्किडच्या नावात तीन थर असतात. पहिला प्रजातीचा, जसं फॅलेनॉप्सिस. दोन वेगळ्या प्रजातींचं लग्न झालं तर नावं जोडतात: ब्रासाव्होला आणि कॅटलिया मिळून ब्रासोकॅटलिया. तीन प्रजाती आल्या की नाव फार लांबतं, म्हणून कुणाच्या तरी आडनावाला वगैरे "आरा" लावून नवं नाव घडवतात. मोकारा हे तसंच, अ‍ॅरॅक्निस, अ‍ॅस्कोसेंट्रम आणि वँडा यांचं. आता शास्त्रज्ञांनी अ‍ॅस्कोसेंट्रमलाच वँडात घातलंय, त्यामुळे ही नावं अधूनमधून बदलतात आणि जुने शौकीन जुनंच नाव वापरतात. मेट्रोच्या पाटीवर राजीव चौक असलं तरी दिल्लीकर सीपीच म्हणतो, तसं.

दुसरा थर म्हणजे ग्रेक्स. लॅटिनमध्ये याचा अर्थ कळप. एका जोडप्याची झाडून सगळी मुलं म्हणजे एक ग्रेक्स, आणि त्या सगळ्यांचं नाव एकच. गुलाबी झालेलं, पांढरं झालेलं, बुटकं राहिलेलं, सगळ्यांचं. तिसरा थर एका विशिष्ट झाडाचा: त्या भावंडांतलं एखादं खासच निघालं तर त्याला एकेरी अवतरणचिन्हांत स्वतःचं नाव. घराण्याचं नाव आणि पाळण्यातलं नाव, असं समजा. गाझीपूरच्या फूल मंडीत, आमच्या घरापासून फार लांब नाही, पहाटे थायलंडहून आलेल्या डेंड्रोबियमच्या जांभळ्यापांढऱ्या काड्यांची खोकी उतरतात. त्या काड्या एकमेकींसारख्या दिसतात, कारण ती भावंडं नसतात, ऊतीसंवर्धनाने काढलेल्या एकाच झाडाच्या प्रती असतात. फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी १९६० मध्ये ऑर्किडसाठी हा रस्ता उघडला.

आता मेख अशी की ग्रेक्सचं नाव जोडप्याला चिकटतं, लग्न लावणाऱ्याला नाही. खासी टेकड्यांतली आपली निळी वँडा सेरुलिया आणि फिलिपिन्सची वँडा सँडेरियाना यांच्या मुलांना १९३१ साली वँडा रॉथ्सचिल्डियाना हे नाव मिळालं. आज तुम्ही नागपुरात किंवा बडोद्यात तेच लग्न लावलंत, आईबाप उलटसुलट केलेत, तरी मुलांचं नाव रॉथ्सचिल्डियानाच. लिहिताना मात्र आईचं नाव आधी, मग गुणिले चिन्ह, मग बापाचं. आपल्याकडच्या कागदपत्रांत आईचं नाव यायला किती वर्षं लागली ते आठवून मला हे फार आवडलं.

ही नोंद ठेवण्याचं काम पूर्वी सेंट अल्बन्सच्या फ्रेडरिक सँडर यांच्या घराण्याने केलं, १९६१ पासून लंडनची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी करते. लाखाहून जास्त संकर नोंदलेले आहेत आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही मोफत बघता येते. आईबापांची नावं टाका, मुलांचं नाव असेल तर समोर येतं.

मी नोंदवही उघडली, आणि पहिल्याच ओळीवर अडकले. आईचं नाव? माझ्याकडे फक्त "जांभळी" होती. ज्या नर्सरीतून आणली तिथे कुंडीला चिठ्ठीच नव्हती. परत जाऊन विचारलं, तर विक्रेता म्हणाला, "मॅडम, बँगनी लिख दो." बापाची चिठ्ठी होती, पण खडूसारख्या शाईने लिहिलेली, एका पावसाळ्यात धुऊन गेली. निनावी आईबापांच्या मुलांची नोंद होत नाही. फुलं येतील, सुंदर येतील, पण नाव कधीही नाही. दोन वर्षं गेली होती. ऑर्किड घेताना फुलाआधी चिठ्ठी बघा हे मी आता प्रत्येकाला सांगते, आणि चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. पेन्सिल उन्हापावसात टिकते, मार्कर उडतो.

दुसऱ्या खेपेस शहाणी झाले. चिठ्ठीसकट दोन मूळ जाती मागवल्या: फॅलेनॉप्सिस अ‍ॅफ्रोडाइट आणि छोट्या गुलाबी फुलांची इक्वेस्ट्रिस. लग्न लावलं, शेंग धरली, मग नोंदवही पाहिली. क्रम चुकला, आधी पाहायची होती. त्यांच्या मुलांचं नाव इंटरमीडिया. १८५३ मध्ये जॉन लिंडली यांनी रानातून आलेलं एक झाड पाहून हा नैसर्गिक संकर असावा असा तर्क केला, आणि व्हेइच यांच्या नर्सरीतल्या जॉन सेडन यांनी तेच लग्न हाताने लावून १८८६ मध्ये फूल आणून तो तर्क खरा करून दाखवला. माणसाने केलेला फॅलेनॉप्सिसचा पहिलाच संकर. म्हणजे फॅलेनॉप्सिसच्या सगळ्यात जुन्या लग्नाची मी सव्वाशे वर्षांनी पुन्हा वरात काढली होती. नाव गेलं, पण इतिहास मिळाला. त्याच व्हेइचच्या नर्सरीत त्याआधी १८५६ मध्ये जॉन डॉमिनी यांनी कॅलँथीच्या दोन जातींपासून ऑर्किडचा पहिला मानवनिर्मित संकर फुलवला होता, आणि त्याला त्यांचंच नाव मिळालं: कॅलँथी डॉमिनाय.

माणसांची नावं फुलांना देण्याची हौस पुढे खूप वाढली. सिंगापूरचं राष्ट्रीय फूल वँडा मिस जोआकिम, १८९३ मध्ये आग्नेस जोआकिम या आर्मेनियन बाईंच्या बागेतलं. त्याची एक बाजू पॅपिलिओनँथी टेरेस, जी आपल्या ईशान्य भारतातही वाढते. सिंगापूरच्या बागेत पाहुण्यांची नावं देतात. २०१८ मध्ये एका डेंड्रोबियमला पंतप्रधान नरेंद्र मोदींचं नाव दिलं गेलं. गेलेल्या माणसाचं नाव असेल तर आधी "मेमोरिया" लावण्याची रीत आहे.

एक गोष्ट इथेच बोलून टाकते. हे सगळं ऐकून कुणी जंगलातली वेणी उपटून आणू नका. ऑर्किड कुळ सगळंच आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स करारात येतं, आणि निळी वँडा, लाल वँडा, लेडीज स्लिपर यांना आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. फांदीवरून उपटलेलं झाड दिल्लीत जगतही नाही. वादळात पडलेल्या फांदीवरचं असेल तर तिथल्याच दुसऱ्या झाडाला बांधा.

तर ही हातातली बाटली तिसऱ्या लग्नाची. या वेळी नोंदवही आधी पाहिली. आई एक नोंदलेला संकर, बाप एक मूळ जात, दोघांच्या चिठ्ठ्या पेन्सिलीने, शिवाय वहीत. या जोडीची मुलं अजून कुठेच नोंदलेली नाहीत. जोडी कोणती ते मी सांगणार नाही, कारण जो आधी नोंदवेल त्याचं नाव लागतं आणि आपल्यात हौशी लोक पुष्कळ आहेत.

पण नोंदवण्याची एक अट आहे: झाडाला फूल आलेलं असलं पाहिजे. नोंदीच्या अर्जात पहिल्या फुलाची तारीख मागतात. बाटलीत वर्ष, मग बोटाएवढ्या कुंडीत, मग तीन इंची कुंडीत. सगळं नीट झालं तर अजून तीन वर्षं. आई ८४ वर्षांची आहे. मी तिला म्हटलं, नाव आत्ताच ठरवून ठेवू, तुझंच ठेवते, कागद भरून ठेवते. तर म्हणाली, "बारसा बाराव्या दिवसाक करतत. प्वॉट दिसता म्हणान कोण नाव ठेवता?" लंडनचा नियम आणि कुडाळचा नियम एकच निघाला.

आता रोज सकाळी ती चष्मा लावून बाटली उजेडाकडे धरते आणि पानं मोजते. काल एकाला तिसरं पान आलं. बाटली बदलायची वेळ झाली आहे, म्हणून आज कुकर मोकळा ठेवलाय आणि जेवण बाहेरून मागवलंय.